लघवीवरचा ताबा का सुटतो?



वार्षिक सभेला नेहमी पुढच्या रांगेत बसणारे एक बाबा दोन वर्षे दिसले नाहीत. ऊस नोंदीच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हळूच म्हणाले, "सभा तीन-तीन तास चालते. मला अर्धा तास दम धरवत नाही. चारचौघांत धोतर ओलं झालं तर तोंड कुठं दाखवू?" डॉक्टरला दाखवलं का, विचारलं. तर म्हणे, वय झालं की असं व्हायचंच!

वयाने ताबा थोडा सैल होतो हे खरे. पण वय म्हणून सोडून द्यावे असे हे दुखणे नव्हे.

मूत्राशय ही साठवणीची पिशवी. तिच्या तोंडाशी स्नायूंचे दार असते आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधार देतात. पाटाचे दार नीट बसले नाही तर पाणी झिरपते. चारी पुढे तुंबली तर बांधावरून वाहते. इथेही बिघाड असेच निरनिराळे असतात, आणि ज्याचा त्याचा उपाय वेगळा.

बायकांचे हे तळाचे स्नायू बाळंतपणांनी सैल होतात. मग खोकताना, हसताना, वाढ्याचा भारा उचलताना थेंब गळतात. पाळी गेल्यावर त्यात भर पडते. यावर अमेरिकेतील डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली व्यायाम मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, तेच एरवी आवळून पाच मोजायचे आणि सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटाने केले तर पुष्कळांना गुण येतो. भाकरी थापतानाही होतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही. मात्र यासाठी गर्भाशय काढा, असे कुणी सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर विचारा. लघवी गळण्यावरचा तो उपाय नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाला चौकशी करावी लागली, हे आपण साखरधंद्यातल्यांनी तरी विसरू नये.

पुरुषांत पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढते. वाट अडते, पिशवी पुरती रिकामी होत नाही, भरून वाहू लागते. धार बारीक होणे, रात्री चार-चारदा उठणे ही खूण. बाबांचे हेच निघाले.

साखर आपल्याच कारखान्याची असली तरी रक्तातली वाढलेली साखर वाईटच. तिने लघवी वाढते, पुढे मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात. जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठ, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या हीही कारणे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

पुष्कळजण पाणीच तोडतात. ते चूक. लघवी दाट होऊन जळजळ आणि घाई वाढते. तोडायचा तर चहा तोडा. लघवीत रक्त दिसले, ती एकाएकी अडली किंवा कंबरदुखीबरोबर पाय बधिर होऊन ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाबांना गोळ्या सुरू झाल्या. यंदा सभेला आले. खुर्ची दाराजवळची धरली होती, पण शेवटपर्यंत बसले, आणि वजनकाट्याचा प्रश्नही त्यांनीच काढला.