ट्रिपला ड्रोन न्यायचाय: कॅमेरा मोठा हवा की बॅग हलकी?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच प्रश्नावर आल्यात. फिरायला जाताना ड्रोन न्यायचा, तर भारी कॅमेऱ्याचा मोठा घ्यावा की जॅकेटच्या खिशात मावेल असा छोटा? यूट्यूबवर याचं उत्तर "दोन्ही आपापल्या जागी मस्त" असं असतं. मी सरळ बाजू घेतो. पायी फिरणार असाल तर छोटा. आता का, ते सांगतो, आणि माझं उत्तर कुठे बदलतं तेही.

उदाहरणाला डीजेआयचे दोन घेऊ, कारण आकडे माहितीचे आहेत. मिनी ४ प्रो, वजन २४९ ग्रॅम. मॅव्हिक ३, वजन ८९५ ग्रॅम. फरक साडेसहाशे ग्रॅमचा, म्हणजे एक पाण्याची बाटली, एवढंच ना? नाही. ड्रोन एकटा कधीच जात नाही. तीन बॅटऱ्या तरी लागतातच. मिनीची एक बॅटरी साधारण ७८ ग्रॅम, मॅव्हिकची ३३५. रिमोट धरला की मिनीचा संसार होतो पाऊण किलोचा आणि मॅव्हिकचा जवळपास दोन किलोचा. चार्जर, केबल, बॅग वेगळं. गड चढताना तिसऱ्या तासाला हे दोन किलो काय असतात ते विचारू नका.

हे वजन येतं कुठून? सेन्सर मोठा केला की त्याला पुरेल अशी लेन्स मोठी होते. लेन्स जड झाली की ती स्थिर धरणारा गिंबल जड होतो. तो उचलायला मोठ्या मोटरी, मोटरींना मोठी बॅटरी, आणि ती बॅटरी उचलायला पुन्हा जास्त ताकद. एक आकडा बदलला की अख्खी साखळी बदलते. आमच्या कोडमध्येही असंच होतं, असो.

आता मजेची गोष्ट. मॅव्हिकचा सेन्सर क्षेत्रफळात मिनीच्या तिपटीहून मोठा आहे, त्यामुळे सगळे म्हणतात की कमी उजेडात तो तिप्पट भारी. पण मिनीची लेन्स एफ १.७ आहे आणि मॅव्हिकची एफ २.८. मिनीचा पडदा जास्त उघडा. पावसाचा विचार करा. मोठं घमेलं भुरभुर पावसात ठेवलं आणि छोटी बादली जोरदार सरीत ठेवली, तर जमलेलं पाणी जवळपास सारखंच निघू शकतं. मी गणित मांडलं तर तेवढ्याच वेळात मॅव्हिककडे एकूण उजेड फक्त वीसेक टक्के जास्त जमतो. तिप्पट बिप्पट काही नाही.

मग मोठ्याचा फायदा कुठे? बादली लवकर भरून वाहते, घमेलं नाही. सूर्योदयाला आकाश पेटलेलं असतं आणि खाली दरी काळी. छोट्या सेन्सरमध्ये आकाश पांढरं पडतं, किंवा ते वाचवायला जावं तर दरीचा डांबर होतो. मोठा सेन्सर दोन्ही सांभाळतो आणि एडिट करताना सावल्या उचलायला जागा देतो. फोटो मोठे प्रिंट करायचे असतील, रंगांवर नीट काम करायचं असेल, तर इथे मोठाच घ्या.

पण तुमचं फुटेज शेवटी कुठे बघितलं जातं? रील १०८० बाय १९२० ची, तीही कॉम्प्रेस होऊन, सहा-साडेसहा इंचाच्या स्क्रीनवर. तिथे हा फरक ओळखू येणं अवघड. उलट मिनीचा गिंबल ९० अंश वळून खराखुरा उभा व्हिडिओ घेतो. मॅव्हिकचा आडवा फोरके कापून उभा केला तर रिझोल्यूशन पुरतं, पण दोन्ही बाजूंचं दृश्य जातं.

वाऱ्याचं मात्र नीट ऐका. कागदावर मिनी सेकंदाला १०.७ मीटर वारा सहन करतो, मॅव्हिक १२. फरक किरकोळ वाटतो. पण समजा मिनी साध्या मोडमध्ये सेकंदाला १२ मीटरने उडतोय आणि समोरून ९ मीटरचा वारा आहे. परतीचा वेग उरला ३ मीटर. ६०० मीटरवर असाल तर घरी यायला २०० सेकंद, आणि बॅटरी तर जोरात खर्च होतेय. सह्याद्रीच्या कड्यावर किंवा कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब रोजचा आहे. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा ढकलतो. ड्रोन कुठलाही असो.

आता कायदा. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो. अनेकांना वाटतं २४९ ग्रॅम म्हणजे रान मोकळं. तसं नाहीये. पायलटचं सर्टिफिकेट नॅनोला लागत नाही, पण हौसेसाठी मायक्रो उडवला तरी लागत नाही. पैसे घेऊन लग्न शूट करायला मायक्रो नेलात की लागतं. टाइप सर्टिफिकेटमधून मात्र नॅनोला सूट आहे, तो खरा फरक. आणि मिनीला ती जास्त वेळ चालणारी प्लस बॅटरी लावली की वजन २५० च्या वर, म्हणजे तुम्ही मायक्रो झालात! हे दुकानदार सांगत नाहीत.

जागेचं बंधन तर वजनाने सुटतच नाही. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तिथे वन खात्याला विचारावं लागतं. रायगडासारख्या संरक्षित गडांवर पुरातत्त्व खात्याला. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा, लाल-पिवळं काय आहे ते बघा.

शेवटचं, पैसे घालवण्याआधी: ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. "मामा दुबईहून आणतोय" हा प्लॅन विमानतळावर अडकू शकतो. परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांना तिथले नियम वेगळे आहेत, आणि तिथे २५० ग्रॅमखाली राहिल्याचा फायदा बऱ्याच ठिकाणी मिळतो.

विमानात बॅटऱ्या हँडबॅगेतच. मिनीची साधारण १९ वॉट-अवर, मॅव्हिकची ७७, दोन्ही १०० च्या आत आहेत. टोकांना टेप लावा आणि एकेक वेगळ्या पिशवीत ठेवा. पुढच्या भागात याच बॅटऱ्या पावसाळ्यात घरी कशा ठेवायच्या ते बोलू.