जुने गोवे: तीर्थक्षेत्रात पुरावा कसा वाचायचा?



इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा पुरातत्त्व यांपैकी कशातही पीएचडीची तयारी करत असाल, तर "एखाद्या तीर्थक्षेत्राचा अभ्यास" हा विषय कधी ना कधी डोक्यात येतोच. विषय चांगला आहे. अडचण सिनॉप्सिस लिहिताना येते. गाईड विचारतात, "तिथे जाऊन नेमकं काय बघणार?" आणि आपण सांगतो, "इतिहास, वास्तुकला, लोकांची श्रद्धा, पर्यटन..." यादी वाढत जाते, पण प्रश्न काही सापडत नाही.

म्हणून आज एक खरं ठिकाण घेऊ: जुने गोवे. पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर, मांडवीच्या काठी. १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने हे शहर आदिलशाहीकडून घेतलं आणि पुढे ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी झालं. साथीच्या रोगांनी आणि व्यापाराच्या उतरणीने शहर ओस पडत गेलं, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. चर्च मात्र राहिली. १९८६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरमुळे हे आजही जिवंत तीर्थक्षेत्र आहे.

इथे फिरताना एकच गोष्ट धरून ठेवू. समोर दिसणारा पुरावा आपल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि ते किती ठामपणे देतो?

पहिला थांबा: बॉम जेझुस

बॉम जेझुस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. बाहेरून ते तांबूस, उघड्या चिऱ्याचं दिसतं. आजूबाजूची बाकीची चर्च पांढरी, हे एकच लाल. फोटो काढणारा प्रत्येक जण म्हणतो, "बघा, किती जुनं वाटतं!"

पण हा लाल चेहरा मूळचा नाही. भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो काढून टाकला गेला. जांभा दगड सच्छिद्र असतो, कोकणातल्या पावसात उघडा राहिला की झिजतो. त्यामुळे गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर आजही वाद आहे. एका बाजूला दगड वाचवण्याचा मुद्दा, तर दुसऱ्या बाजूला लोकांच्या मनात आता बसलेलं लाल रूप.

म्हणजे "जुनी दिसते" हे निरीक्षण वापरून तुम्ही सतराव्या शतकाबद्दल काही लिहिलंत, तर पाया चुकीचा. तेच निरीक्षण "विसाव्या शतकात जुनेपणाची कल्पना कशी घडवली गेली?" या प्रश्नासाठी मात्र सोन्यासारखं आहे. पुरावा तोच, प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते.

आता आत, झेवियर यांच्या समाधीकडे या. इथे तारखा ओळीने मांडा. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगछुआन बेटावर वारले. त्यांचं शव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आलं. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवला गेला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. चांदीची पेटी १६३६-३७ च्या सुमाराची, गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा १६९८ चा, तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवलेला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने केलेला.

पर्यटक याला "झेवियरची समाधी" अशा एका नावाने ओळखतो. संशोधकाला त्यात दीडशे वर्षांचे थर दिसायला हवेत. प्रत्येक थरामागे वेगळे लोक आहेत, वेगळा पैसा आहे, वेगळा हेतू आहे. फील्ड डायरीत "समाधी पाहिली" असं लिहू नका. कोणता भाग, कोणत्या काळातला, कुणी दिलेला, असं लिहा.

दुसरा थांबा: से कॅथेड्रल आणि शवप्रदर्शन

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. ते सेंट कॅथरीनच्या नावे आहे, कारण अल्बुकर्कने शहर घेतलं तो दिवस, २५ नोव्हेंबर, तिच्या सणाचा. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग एका बाजूने रिकामा वाटतो.

दर दहा वर्षांनी झेवियर यांचे अवशेष मिरवणुकीने बॉम जेझुसमधून इथे आणून दर्शनासाठी ठेवतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. वृत्तपत्रात याला "शवप्रदर्शन सोहळा" म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की ही प्रथा पहिल्यापासून अशीच चालत आली असेल.

मग १७८२ कडे बघा. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आलं होतं. त्यानंतर कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी खरं शव नेलं असावं. ही शंका मिटवायला १७८२ मध्ये शव लोकांसमोर ठेवलं गेलं. पहिलं जाहीर शवप्रदर्शन ते हेच मानलं जातं.

यात संशोधनाचा एक सुंदर धडा आहे. "हे शव खरंच त्यांचंच का?" हा प्रश्न आजच्या नास्तिकाने काढलेला नाही. तो अठराव्या शतकात खुद्द गोव्यातल्या माणसांनी विचारला होता, आणि त्या काळच्या पद्धतीने त्याचं उत्तर दिलं गेलं: डोळ्यांनी बघा, खात्री करा. श्रद्धाळू माणूस शंका घेत नाही, हे गृहीतक घेऊन फील्डवर जाऊ नका.

या सोहळ्यांकडे सत्तेच्या अंगानेही बघता येतं. पामिला गुप्ता यांचं "द रेलिक स्टेट" (२०१४) हे पुस्तक त्यावरच आहे. पोर्तुगीज सत्तेचे चढउतार झेवियर यांच्या शवाभोवतीच्या विधींमधून कसे वाचता येतात, हे त्यात दिसतं. सिनॉप्सिस लिहिण्याआधी जरूर चाळा. एकाच वस्तूवर आख्खं पुस्तक कसं उभं राहतं, ते कळेल.

तिसरा थांबा: सेंट ऑगस्टिनचे अवशेष

आता टेकडी चढा. मोन्ते सांतोवर एक अर्धवट मनोरा उभा आहे, साधारण ४६ मीटर उंचीचा. इथे ऑगस्टिनियन साधूंचं मोठं चर्च आणि मठ होता. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर १८३५ मध्ये तो रिकामा झाला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा काही भाग पडला.

इथली गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वाचायला हवी. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान ही इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला छळ करून मारण्यात आलं. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्च तिला संत मानतं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणून ठेवला. कागदपत्रांत जागाही दिली होती: मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, म्हणजे साधूंच्या सभेच्या दालनाला लागून असलेल्या प्रार्थनाघरात, दुसऱ्या खिडकीपाशी.

पण खिडकी कुठे आहे? छत नाही, भिंती नाहीत, वर दगडमातीचा ढीग. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आधी मठाचा आराखडाच जमिनीतून शोधून काढावा लागला. उत्खननात मानवी हाड मिळालं. याशिवाय सर्वेक्षणाच्या संग्रहालयात ठेवलेले आणखी दोन अस्थी-अवशेष होते. तिघांचेही नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डीएनए तपासणीसाठी गेले.

तपासणी मायटोकॉन्ड्रियल डीएनएची होती. हा डीएनए आईकडून मुलांकडे जातो, त्यामुळे मातृवंश शोधायला उपयोगी पडतो. उत्खननात मिळालेल्या हाडात यू-१-बी नावाचा हॅप्लोग्रुप निघाला. (हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेल्या वंशांचा गट.) भारतीयांच्या नमुन्यांत तो मिळाला नाही, जॉर्जिया आणि आसपासच्या भागात मात्र मिळतो. संग्रहालयातल्या बाकी दोन नमुन्यांत इकडे नेहमी आढळणारे गट निघाले.

झालं तर मग, सिद्ध झालं? थांबा. २०१४ मध्ये "मायटोकॉन्ड्रियन" या नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधाचं शीर्षकच बघा. त्यात म्हटलंय की हा अवशेष बहुधा राणी केतेवानचा आहे. बहुधा!

हा एक शब्द किती काम करतो ते बघू:

१. फक्त कागदपत्रं असती तर एवढंच म्हणता आलं असतं की १६२७ मध्ये अवशेष इथे ठेवल्याची नोंद आहे. पुढच्या दोनशे-तीनशे वर्षांत त्यांचं काय झालं, ते कागद सांगत नाहीत.

२. फक्त हाड असतं तर ते कुणाचंही असू शकलं असतं. जुन्या चर्चच्या आवारात दफनं असतातच.

३. फक्त डीएनए असता तर हा मातृवंश जॉर्जियाच्या बाजूचा वाटतो, इतकंच कळलं असतं. हॅप्लोग्रुप हजारो लोकांत सारखा असतो, त्यावर माणसाचं नाव लिहिलेलं नसतं.

तिन्ही पुरावे वेगवेगळ्या मार्गांनी आले आणि एकाच जागी मिळाले, म्हणून दावा बळकट झाला. तरी तो "बहुधा"च्या पुढे गेला नाही. निष्कर्ष पुराव्याच्या मापाचा शिवायचा असतो, तो असा.

आणि हे हाड जॉर्जियातल्या लोकांसाठी त्यांच्या संताचा देह आहे. २०१७ मध्ये ते दर्शनासाठी तिकडे पाठवलं गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. उद्या कुणी नवा पुरावा आणला तर? निबंधात "बहुधा" लिहिलेलं असल्यामुळे संशोधकांचा शब्द खोटा पडत नाही. श्रद्धा बाळगणाऱ्यांना तो शब्द उच्चारायची गरज नाही, तो त्यांचा अधिकार. आपल्याला मात्र तो गाळण्याचा अधिकार नाही. तुमच्या प्रबंधावर कुणाची तरी भावना, कधी कधी दोन देशांचे संबंधही, टेकलेले असू शकतात.

जे दिसत नाही तेही लिहा

से कॅथेड्रलजवळ इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. वाडा आज नाही. आदिलशाही राजवाड्याचा फक्त दरवाजा उरलाय, तो सेंट कायतानच्या आवारात. तुमचं सगळं फील्डवर्क उभ्या इमारतींवर बेतलेलं असेल, तर तुमच्या प्रबंधात टिकलेल्यांचाच इतिहास येईल. कुणाच्या खुणा टिकल्या, कुणाच्या पुसल्या गेल्या, हा स्वतंत्र संशोधन-प्रश्न आहे.

पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं "ख्रिस्तपुराण" १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, आणि ते मराठी ओवीत आहे. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांशी कोणत्या भाषेत, कोणत्या छंदात बोललं जात होतं, यासाठी मराठी वाचकाला हा थेट स्रोत आहे.

जायच्या आधी

- शक्य असल्यास दोनदा जा. एकदा एरवीच्या दिवशी, एकदा फेस्ताच्या काळात. नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, फेस्त ३ डिसेंबरला.
- मिस्सा चालू असताना वही आणि मोबाईल खिशात ठेवा. आधी माणूस म्हणून बसा.
- मुलाखतीत "तुम्हाला हे खरं वाटतं का?" हा पहिला प्रश्न नको. "कधीपासून येता, कुणाबरोबर येता, आंगवण केली होती का?" असं विचारा. आंगवण म्हणजे कोकणीत नवस. हिंदू भाविकही भेटतील, त्यांनाही विचारा.
- रेकॉर्डिंग आणि फोटोसाठी परवानगी घ्या. इमारतींची देखभाल एकाकडे, पूजाविधी दुसऱ्याकडे असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे विचारा.
- डायरीच्या पानावर तीन रकाने आखा: काय दिसलं, कोणत्या काळातलं, त्यावरून काय म्हणता येईल. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वाक्यापुढे "नक्की", "बहुधा" किंवा "कदाचित" यांपैकी एक शब्द लिहा.

संध्याकाळी खोलीवर परतलात की तो तिसरा रकाना पुन्हा वाचा. ज्या वाक्यापुढे "कदाचित" जास्त वेळा आलं असेल आणि तरीही ते सोडवत नसेल, ते बाजूला काढा. सिनॉप्सिसचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.