राबत्या बाईचं हृदय

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या अड्याळच्या शिवारात रोवणी लागली की बाया सकाळीच बांधीत उतरतात. दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाईला हृदयविकार होईल, असं तिच्या घरात कोणाच्या मनातही येत नाही. तो आजार बसून काम करणाऱ्यांचा, त्यातही पुरुषांचा, अशी समजूत आहे. कष्टानं हृदयाला बळ मिळतं हे खरंच. पण चाळिशीनंतर तिच्या रक्तवाहिन्यांत जे बदलत जातं, ते नुसत्या घामानं थांबत नाही.

हे बदल एका तपासणीत दिसत नाहीत. त्याच बायांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासात १९९६ पासून ३,३०२ बायांची अशी नोंद ठेवली गेली. त्यात असं दिसलं, की शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण वर्षभरात एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, एकदम वाढतं. नुसतं वय वाढल्यानं ते इतक्या झपाट्यानं वाढत नाही. भारतात पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधीच. बीजांडकोशांसह पिशवी काढलेल्या बाईवर तर ही वेळ त्याहूनही लवकर येते.

‘मी तर काटकुळी, मला काय होणार?’ हा दिलासाही फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण त्यांची कमतरता स्नायूंत होती. त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या अंगातही मधुमेहाची आणि हृदयविकाराची तयारी असू शकते, ती अशी.

मला सर्वांत जास्त खटकतं ते बाळंतपणाचं विसरणं. गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांची भीती निर्माण झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. बाळ सुखरूप झालं की ती गोष्ट घरात पुन्हा निघत नाही, आणि पंचविशीतला तो इशारा पन्नाशीत कोणाला आठवत नाही. मग छातीत दाटलं, जबडा दुखला, चालताना धाप लागली, तर पित्त समजून सोडा घेतला जातो.

हा धोका कमी करता येतो. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात १९६८ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये ३८ आणि ५० वर्षांच्या बायांची तपासणी झाली. नव्या पिढीच्या बाया उंचीनं आणि वजनानं जास्त होत्या, तरी त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान, तिन्ही घटलेलं होतं. आपल्याकडे धूम्रपानाच्या जागी तंबाखूचा गुडाखू आणि खर्रा आहे. त्यातलं निकोटिनही नाडी आणि रक्तदाब चढवतंच.

रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा होता. ठरलेली साधी औषधं, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा, असं त्याचं काम. बीपी दुखत नाही, म्हणून रोवणीच्या धांदलीत गोळी सुटते. रोवणीला जाणाऱ्या बायांना पावसाआधीच पुढच्या गोळ्या मिळाव्यात. आणि आशाताईंनी घरी आल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत: पाळी कधी गेली? बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?