चीप नव्हे, चिप!

‘सुपर मारिओ’ची ती धून आठवते ना? दादाने टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारली की घरभर घुमायची ती. आता एक हिशेब करा. तो अख्खा गेम, म्हणजे चित्रं, उड्या, शत्रू आणि गाणी धरून, फक्त ४० केबींचा होता. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’वाला फोटो बहुतेक वेळा त्याहून जड असतो!

एवढ्याशा जागेत गाणं मावायचं कसं? कारण त्यात रेकॉर्डिंग जवळपास नसायचंच. असायच्या फक्त सूचना : हा सूर, इतका वेळ, या आवाजात. गायचं काम मशीनमधली चिप त्याच क्षणी करायची. हेच चिप म्युझिक.

१९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ या कम्प्युटरच्या ‘सिड’ चिपला एका वेळी तीनच सूर काढता यायचे. तिन्ही कॉर्डमध्ये घालवले, तर मेलडीला उरणार काय? मग संगीतकारांनी जुगाड केला. कॉर्डमधले सूर एकाच चॅनेलवर सेकंदाला पन्नासेक वेळा बदलत पळवायचे, की कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात. चिप म्युझिकची ती ओळखीची ‘ट्रिरिरि’ थरथर अशी अडचणीतून जन्मली.

त्याच काळात युरोपात गेमचं कुलूप तोडणारी पोरं गेमच्या आधी आपल्या ग्रुपचं नाव नाचवणारी छोटी अ‍ॅनिमेशन्स जोडायची. पुढे कुलूपतोडी मागे पडली, अ‍ॅनिमेशन आणि संगीताची चुरस उरली. हाच ‘डेमोसीन’. जर्मनीत ईस्टरला भरणाऱ्या ‘रिव्हिजन’मध्ये आजही ६४ केबी, ४ केबी, अगदी २५६ बाइट्समध्ये कार्यक्रम लिहून आणायचा आणि निकाल प्रेक्षकांच्या मतांवर, अशी स्पर्धा असते. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

‘हे सगळं तिकडचं,’ असं म्हणाल तर थांबा. त्याच १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजीत सिंग यांचा रेकॉर्ड एचएमव्हीने काढला : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हिंदी सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या या माणसाने रोलँड कंपनीच्या तीन मशीनवर भैरव, यमन, मालकंस वाजवले. हे काटेकोर अर्थाने चिप म्युझिक नाही, पण मशीनला आपलं गाणं शिकवण्याची खुमखुमी तीच. रेकॉर्ड फारसा चालला नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्यातल्याच एका मशीनवर ‘अ‍ॅसिड हाऊस’ संगीत गाजलं. चरणजीत यांचा रेकॉर्ड मात्र २०१० मध्ये एका डच लेबलने पुन्हा काढला, तेव्हा जगाचे डोळे विस्फारले. सत्तरी ओलांडलेले चरणजीत त्यानंतर युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये ते गेले.

प्रश्न असा, की तो रेकॉर्ड कुणी जपलाच नसता तर? १९८४ पासून आपल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हा कम्प्युटर आला. डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम भारतात विकला. मुलांनी त्यांवर लिहिलेले प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवले जायचे. आज त्या कॅसेट कुठे आहेत? माळ्यावर, नाहीतर भंगारात. मढ-मार्वेसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खारी हवा लोखंड सोडत नाही, आणि पावसाळ्यातली बुरशी टेपची वाट लावते. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत अशी कॅसेट हाती लागली तर फेकू नका. टेपवर बुरशी दिसली तर मात्र आधी जाणकाराला दाखवा. नसेल तर प्लेअरची वायर लॅपटॉपला जोडून ती किर्रर्र रेकॉर्ड करून ठेवा. तो गोंगाट नाही, त्यात कुणाचातरी प्रोग्राम आहे.

आणि स्वतः करून बघायचं असेल तर? महागडं सॉफ्टवेअर नको. ‘फॅमीट्रॅकर’ किंवा ‘मिल्कीट्रॅकर’ फुकट आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात. ट्रॅकरमध्ये गाणं वरून खाली लिहितात. एका पॅटर्नमध्ये साधारण ६४ ओळी. एक ओळ म्हणजे एक मात्रा धरा, झाली तीनतालाची चार आवर्तनं! फॅमीट्रॅकरमध्ये तानपुरा त्रिकोणी लहरीच्या चॅनेलवर, ठेका नॉइजवर, आणि चौकोनी लहरीवर भूपाचे पाच सूर : सा रे ग प ध. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायला ३ नंबरचा इफेक्ट आहे. त्यात मींडेची चुणूक मिळते, आणि गुरुजींची मींड इतकी अवघड का असते तेही कळतं.

कोळीवाड्यातल्या हळदीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर नाचलेल्या कानांना मशीनचा आवाज परका नाही. मढ जेट्टीवर वर्सोव्याच्या बोटीची वाट बघत असाल, तर लॅपटॉप उघडा. बोट लागेपर्यंत पहिलं आवर्तन नक्की भरून होईल.