जसा शेजार, तसं कृष्णविवर!

मुलांनो, आधी माझी एक चूक सांगते. चौथीच्या वर्गात मी एकदा मोठ्या ऐटीत म्हणाले, "कृष्णविवर म्हणजे असा खड्डा, की आत गेलं ते गेलंच. प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही!" वर्ग चिडीचूप झाला. मी मनात खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बोट वर आलं. "बाई, मग पेपरात त्याचा फोटो आला होता तो कसा काढला? अंधाराचा फोटो निघतो का?"

झाली पंचाईत! सगळ्या बाई आणि गुरुजी अशा वेळी म्हणतात तेच मीही म्हणाले, "उद्या सांगते." आणि घरी जाऊन वाचत बसले. ते 'उद्या' चांगलं पंधरा दिवस लांबलं, कारण एकातून एक गोष्ट निघतच गेली.

फोटोचं कोडं सोपं होतं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही. मोरीच्या भोकाभोवती पाणी गरगरतं ना, तसा तो भोवती फिरत राहतो. फिरताना घासून घासून तो इतका तापतो की लखलखायला लागतो. १० एप्रिल २०१९ ला जगानं पाहिला तो फोटो या लखलखत्या कड्याचा होता, आणि मधला काळा भाग म्हणजे विवराची सावली. ते विवर आहे एम ८७ नावाच्या दीर्घिकेच्या पोटात. वजन आपल्या सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट!

म्हणजे माझं 'आत गेलं ते गेलं' अर्धंच खरं होतं. पुष्कळसा वायू आत जाण्याआधी बाहेरही फेकला जातो. एम ८७ मधून निघालेली एक सरळ, बारीक रेघ हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञानं १९१८ सालीच टिपून ठेवली होती. ती कशाची, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. आज आपण जाणतो, की ती रेघ म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटलेला झोत आहे. ज्या दीर्घिकेच्या मध्यभागी असा जाळ पेटलेला असतो, तिचं केंद्र 'सक्रिय' आहे असं म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही सूर्याच्या ४० लाख पट वजनाचं विवर आहे, पण ते सध्या अगदी गरीब स्वभावाचं! जवळजवळ उपाशीच बसलेलं असतं.

आता खरा प्रश्न. कुणाचं विवर पेटतं आणि कुणाचं झोपून राहतं, हे कशावर ठरतं? पुष्कळसं शेजारावर.

दीर्घिकांची गावं असतात. आपली आकाशगंगा देवयानी दीर्घिकेसोबत एका छोट्या वाडीत राहते. एम ८७ मात्र कन्या राशीच्या दिशेच्या मोठ्या शहरात राहते. तिथे हजारावर दीर्घिका आहेत. अशा शहराला दीर्घिकासमूह म्हणतात. या शहरातली मोकळी जागा रिकामी नसते बरं का! तिथे अतिशय विरळ, पण कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही. तो क्ष-किरणांत चमकतो, म्हणून त्यासाठी अवकाशात दुर्बीण पाठवावी लागली. १९९९ साली सोडलेल्या अशा एका दुर्बिणीचं नाव 'चंद्रा' आहे, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेलं.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही सायकलच्या कॅरियरवर कुरमुऱ्यांची उघडी पिशवी ठेवून उतारावरून सुसाट निघालात. काय होईल? घरी पोचेपर्यंत पिशवी रिकामी! समूहात नव्यानं शिरणाऱ्या दीर्घिकेचं तसंच होतं. समोरून या तापल्या वायूचा वारा लागतो आणि तिच्या जवळचा थंड वायू मागे उडून जातो. हा वायू म्हणजे तिची शिदोरी. त्यातूनच नवे तारे जन्मतात. तो गेला की तारे जन्मायचे थांबतात आणि विवरालाही खायला उरत नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी मोजदाद केली, तेव्हा समूहाबाहेरच्या दीर्घिकांपैकी सुमारे ५ टक्क्यांत सक्रिय केंद्र सापडलं, समूहातल्यांपैकी सुमारे १ टक्क्यातच.

पण थांबा. वारा सगळाच वायू बाहेर नेतो असं नाही. काही दीर्घिकांमागे उडालेल्या वायूच्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात. त्यांना 'जेलीफिश दीर्घिका' असं गमतीचं नाव पडलंय. बियांका पोज्जांती यांच्या गटानं चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून अशा सात ठसठशीत दीर्घिका तपासल्या. २०१७ साली त्यांनी जाहीर केलं, की सातांपैकी सहांची केंद्रं सक्रिय आहेत! त्यांचं म्हणणं असं, की वाऱ्याच्या रेट्यानं थोडा वायू आतही ढकलला जातो आणि विवराला अचानक जेवण मिळतं. पुढे दुसऱ्यांच्या पाहणीत हे प्रमाण बरंच कमी भरलं, त्यामुळे वाद अजून चालू आहे. मला मात्र या दीर्घिकांचं वाईट वाटतं. शिदोरी उडून जाताना शेवटचा एक घास पोटात जावा, तसं ते आहे.

एस.टी.च्या खिडकीतून ओढणी बाहेर काढली की ती मागे फडफडते ना? ययाती समूहातल्या एनजीसी १२६५ या दीर्घिकेचे दोन्ही झोत तसेच मागे वळलेत, कारण ती सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून जास्त वेगानं त्या वायूतून पळतेय. झोत कुणीकडे वाकलाय हे पाहून वारा कुठून येतोय ते ओळखायचं!

शहराच्या अगदी मधोमध राहणाऱ्या दीर्घिकेची गोष्ट निराळी. तिथला वायू दाट असतो, म्हणून तो लवकर निवतो आणि तिच्याकडे ओघळतो. ययाती समूहाच्या मध्याशी एनजीसी १२७५ ही दीर्घिका आहे. कार्ल सेफर्ट यांनी १९४३ साली विचित्र, झगझगीत केंद्रं असलेल्या दीर्घिकांबद्दल लिहिलं, त्यात हीसुद्धा होती. हिशेबाप्रमाणे इतक्या निवणाऱ्या वायूतून दरवर्षी शेकडो सूर्य बनावेत. पण तितके बनताना दिसत नाहीत. मग वायू पुन्हा तापवतंय कोण?

विवरच! इस्त्री आठवा. तापली की तिचा दिवा आपोआप विझतो, निवली की परत लागतो. इथेही वायू निवून आत ओघळला, की विवर पेटतं आणि झोत सोडतं. झोतांमुळे वायूत मोठमोठे बुडबुडे फुगतात आणि वायू पुन्हा तापतो. ओघ आटला की विवर मंदावतं. म्हणजे शेजार विवराला घडवतो आणि विवर शेजाराला!

'चंद्रा'नं हे बुडबुडे आणि त्यांच्याभोवतीचे तरंगही टिपले. २००३ साली केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटानं दाखवून दिलं, की त्या ध्वनिलहरी आहेत. पेटीवरच्या मधल्या 'सी'पासून तब्बल ५७ सप्तकं खाली! एक लाट जाऊन दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. आपल्या कानांनी ती ऐकण्याची आशाच सोडा.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी उठून उभीच राहिले. भुजंगधारी समूहात 'चंद्रा'ला वायूची एक चमत्कारिक वाकलेली कड दिसली होती. एवढा प्रचंड बुडबुडा असूच शकत नाही, असं २०१६ साली वाटलं होतं. २०२० साली रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींनी सिद्ध केलं, की तो बुडबुडाच आहे. आपल्यासारख्या पंधरा आकाशगंगा एका ओळीत मावतील एवढा! त्या नोंदींत ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीबरोबर आपली जीएमआरटीही होती. हो, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडदची! द्राक्षाच्या मळ्यांजवळ उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० जाळीदार तबकड्या, प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. पालकहो, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांसाठी प्रदर्शन भरत आलं आहे. मुलांना जरूर न्या. मात्र मोबाइल बंद ठेवा, त्याच्या लहरींचा तिथे गोंगाट होतो.

डिसेंबरच्या शेवटी रात्री नऊला गच्चीवर या. उत्तरेकडे तोंड करून उंच बघा. शर्मिष्ठेचे पाच तारे आणि कृत्तिकांचा पुंजका यांच्या मधे ययाती आहे. त्यातला अल्गॉल तारा कुणा जाणत्याकडून ओळखून घ्या. त्याच्या थोडं पूर्वेला, चार पौर्णिमेचे चंद्र शेजारीशेजारी ठेवले तर पुरतील एवढ्या अंतरावर, एनजीसी १२७५ आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काळोखच दिसेल. तिथून आज पोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर पहिले डायनोसॉर नुकतेच अवतरत होते.

मागच्या बाकावरच्या त्या पोरीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, म्हणजे फोटो अंधाराचा नव्हता, जेवणाचा होता."