डोंग्याला इंजिन बसवण्याआधी

कुरखेड्याची सती नदी मे महिन्यात पाहिली तर इथे नावेचा विषय काढणाऱ्याला लोक हसतील. रेतीतून एक बारीक धार वाहत असते आणि बाकी पात्र गुराढोरांचं. आषाढ-श्रावणात हीच नदी दोन्ही काठ भरून जाते. पुढे वैरागडजवळ ती खोब्रागडीला मिळते आणि ते पाणी शेवटी वैनगंगेत जातं. पश्चिमेला वडसा-आरमोरीकडे वैनगंगेचं रुंद पात्र, उत्तरेला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि मधल्या गावागावांत मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. एका दिवसाच्या फेरीत तीन तऱ्हेचं पाणी भेटतं, आणि तिन्हींना एकच नाव, एकच इंजिन चालत नाही.

तरीही मच्छीमार संस्था असो, ग्रामपंचायत असो की तलावावर पर्यटन सुरू करायला निघालेली तरुण मंडळी, बोट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती हॉर्सपॉवरची? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. आधी पाणी, मग नावेचा तळ, मग माणसं आणि ओझं. एवढं ठरलं की हॉर्सपॉवरचा आकडा आपोआप समोर येतो.

इंजिन जितकं मोठं तितकी नाव जोरात, हा सर्वांत पक्का गैरसमज. ढिवर बांधवांचा लाकडी डोंगा किंवा फळ्यांची नाव पाणी कापत चालते. चालताना ती पुढे एक लाट उभी करते आणि वेग वाढला की स्वतःच्याच लाटेत अडकते. नावेचा जेवढा भाग पाण्यात टेकतो त्याची लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा आणि अडीचने गुणा. साधारण तेवढे किलोमीटर ताशी, हा त्या नावेचा नैसर्गिक वेग. १६ फुटांसाठी वर्गमूळ ४, म्हणजे ताशी १०. एवढ्या वेगाला बेताचं ओझं असलेल्या नावेला ४-५ हॉर्सपॉवर पुरते. तिलाच २५ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं तर वेग जेमतेम वाढतो, पण मागचा भाग खाली बसतो, पुढची नाळ वर उठते आणि मागच्या कडेवरून पाणी आत येऊ लागतं. इंजिनाचं वजन वेगळंच, आणि तेही नेमकं त्याच टोकाला.

वेग हवाच असेल तर तळ बदलावा लागतो. सपाट किंवा किंचित V आकाराच्या तळाची हलकी फायबर, अॅल्युमिनियम किंवा रबर बोट पाण्यावर उचलली जाते आणि वरून घसरत जाते. त्यासाठी ढोबळ हिशेब असा: नाव, इंजिन, इंधन, माणसं मिळून दर २५ किलोला एक हॉर्सपॉवर. एकूण ६०० किलो असेल तर २४-२५ हॉर्सपॉवर. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या रबर बोटींना मोठी इंजिनं दिसतात. त्यांचं पाहून डोंग्याला तसंच इंजिन लावण्यात अर्थ नाही.

पुरात हे गणित जिवावर बेततं. गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खाली वडसा, आरमोरी, गडचिरोलीपर्यंत वैनगंगा फुगते. ऑगस्ट २०२० चा पूर या भागातले लोक विसरलेले नाहीत. समजा प्रवाह ताशी १० किलोमीटरने धावतो आहे. मग ताशी १० चाच वेग असलेली नाव पूर्ण जोर लावूनही काठावरच्या झाडासमोर जागच्या जागी उभी राहील. इंजिन कितीही मोठं असो, प्रवाहाविरुद्ध ती जाणार नाही. जुने नावाडी म्हणूनच नदी सरळ ओलांडत नाहीत. नाळ थोडी वरच्या बाजूला धरून, प्रवाहाला आपल्याला तिरपं नेऊ देत, पलीकडे खालच्या अंगाला लागतात. ही हुशारी इंजिनाच्या किमतीत मिळत नाही.

“आमच्या डोंग्यात दहा-बारा जण सहज बसतात.” बसतात हे खरं. बसणं आणि सुखरूप पोचणं मात्र वेगळं. छोट्या मोटरबोटींसाठी जगभर वापरला जाणारा एक सोपा हिशेब आहे: लांबी आणि रुंदी फुटांत मोजून गुणा आणि १५ ने भागा. १५ फूट लांब, साडेचार फूट रुंद नावेत उत्तर येतं साडेचार, म्हणजे चार माणसं. हा शांत पाण्यातला आकडा. शिवाय डोंगा अरुंद आणि गोल तळाचा असतो, त्यामुळे त्याला हाही आकडा जास्तच समजावा. एक जण उभा राहिला किंवा सगळे एका बाजूला वळले की काय होतं, हे विदर्भाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुणांची नाव उलटली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत एकाच कुटुंबातली माणसं बुडाली. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये तर पुरातून माणसं बाहेर काढणारी बोटच गर्दीमुळे उलटली.

याच्या मागोमाग येतो तो गैरसमज म्हणजे पावसाळा संपला की धोका संपला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, वैनगंगेपलीकडे मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव उलटली आणि मजूर बाया बुडून गेल्या. पूर नव्हता, महिना हिवाळ्याचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव मार्गावरची बोट वादळी वाऱ्याने उलटली. मोठ्या जलाशयात वाऱ्याला अडवणारं काही नसतं. लांबलचक मोकळ्या पाण्यावर लाट वाढत जाते. इटियाडोहसारख्या धरणात म्हणूनच पाणी संथ दिसलं तरी नावेच्या कडा पाण्यापासून चांगल्या वीतभर तरी वर हव्यात.

लाइफ जॅकेटबद्दल “आपल्याला पोहता येतं” हे उत्तर नेहमीचं. पोहता येणारा माणूस डोक्याला मार बसल्यावर, लुगडं किंवा पँट पायात गुंडाळल्यावर, थंड पाण्यात दम कोंडल्यावर पोहत नसतो. संथ पाण्यासाठी मोठ्या माणसाला किमान १०० न्यूटन तरंगबळाचं जॅकेट घ्यावं आणि ते अंगावर बांधावं. फळीखाली रचून ठेवलेलं जॅकेट उलटलेल्या नावेच्या खालीच राहतं.

आता इंजिन. दुकानदार सांगतो, कोणतंही इंजिन कोणत्याही नावेला बसतं. क्लॅम्पला बसतं, पाण्याला बसत नाही. आउटबोर्डचा दांडा साधारण १५ इंची आणि २० इंची अशा दोन मापांत येतो. ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगायचं तिची उंची मोजून माप ठरतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीला किंवा बोटभर खाली यायला हवी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि नाव हलत नाही. लांब पडला तर आपल्या नद्यांत तो रेतीच नांगरतो.

आणि रेती हीच आपली खरी अडचण आहे. पाऊस ओसरल्यावर सती आणि खोब्रागडीत कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं पाणी, मधेच खडक. आउटबोर्ड इंजिन थंड राहतं ते नदीचंच पाणी ओढून. गढूळ, रेतीचं पाणी आतल्या रबरी पंपाच्या पात्या झिजवतं. इंजिन चालू असताना मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उडत असते. ती थांबली की इंजिन लगेच बंद करायचं, काठ कितीही जवळ दिसो. मामा तलावात वेगळाच त्रास: बेशरम, जलपर्णी, शिंगाडा आणि कुणाची तरी जाळी. पंख्यात काही अडकलं की अनेक छोट्या इंजिनांत एक पिन मुद्दाम तुटते, म्हणजे आतली गिअरं वाचतात. ती पिन काही रुपयांची. जवळ दोन जास्तीच्या पिना आणि एक पकड नसेल तर पाऊण तास वल्हं मारा. वल्हं आणि बांबू नावेत असायलाच हवेत, इंजिन नवंकोरं असलं तरी.

उथळ पाण्यासाठी लांब दांड्याचं, मागे आडवं जाणारं लाँगटेल इंजिन हा चांगला पर्याय आहे. थायलंडमधल्या नद्यांत ते सर्रास दिसतं. पंखा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, अडथळा आला की नावाडी दांडा उचलतो, आणि इंजिन बहुधा हवेने थंड होणारं असल्याने रेती ओढण्याचा प्रश्नच नाही. दिसायला ओबडधोबड, आवाजाला वाईट. मला तरी सतीसारख्या नदीसाठी तेच शहाणपणाचं वाटतं.

तलावाच्या छोट्या फेऱ्यांसाठी बॅटरीवरची मोटर खेळणं समजली जाते. तसं नाही, पण तिच्याकडून चमत्कारही मागू नये. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत सव्वा युनिटच्या आसपास वीज मावते आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. ५० अँपिअर ओढणारी मोटर पूर्ण जोरात त्यावर तासभर चालेल. जाळी टाकायला आणि काढायला एवढं पुरतं. वैनगंगा ओलांडायला ही मोटर नेऊ नये.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर नाक्यावर तासभर वाद होतो. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ३६-४० किलोचं, दोघांनी उचलून घरी नेण्याजोगं. फोर-स्ट्रोक त्याहून जड. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, बहुतेक इंजिनांना ५० ला १ या प्रमाणात, आणि ते विसरलं तर इंजिन जाम. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, धूर कमी करतं. पण खरा निकष तिसराच: सुटे भाग कुठे मिळतात? प्लग आणि कार्बुरेटर गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री साफ करील. पाण्याचा पंप आणि खालचा गिअर त्याच्या हातचा नाही. नागपूरहून भाग यायला लागले तर हंगाम जातो.

नाव ओढून वर घेतली की इंजिनाचं काम संपलं, असंही समजतात. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आठ महिने तेच पेट्रोल कार्बुरेटरमध्ये राहिलं की खाली पाणी आणि चिकट गाळ साचतो, आणि नदी चढते त्याच दिवशी इंजिन दोरी ओढून ओढून चालू होत नाही. साठवण्याआधी टाकी आणि कार्बुरेटर रिकामं करावं. गावाच्या बचावासाठी ठेवलेलं इंजिन असेल तर महिन्यातून एकदा पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये पंखा बुडवून दहा मिनिटं चालवावं. फोर-स्ट्रोक आडवं ठेवायचं असेल तर पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच, नाहीतर तेल नको तिथे उतरतं.

कागदांबद्दलही एक समज पक्का आहे: तलाव संस्थेचा म्हणजे नाव आपली मर्जी. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या नावेला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं, समुद्र इथून कितीही दूर असला तरी. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. धरणावर बोट चालवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. हे सगळं बोट घेण्याआधी विचारून घ्यावं, कारण तपासणीत नावेची माणसांची क्षमताही ठरते, आणि ती क्षमता आपण मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा कमी निघते.