दाद द्यायला वेळ लागायचा

गेल्या महिन्यात फिनलंडमधल्या माझ्या एका जुन्या चित्रमैत्रिणीने तिची सगळी चित्रं इंटरनेटवरून उतरवली. चेटकिणी, वनदेवता, शिंगं असलेल्या राण्या. एकोणीस वर्षांचं काम. आम्ही कधी भेटलो नाही, तिचा आवाजही मी ऐकलेला नाही. तरी तिचं ते रिकामं पान पाहिलं आणि घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं.

कल्पित पात्रं रंगवून अनोळखी लोकांपुढे मांडायची ही रीत आमच्याही आधीची. स्वीडनमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या एल्फवूड या संकेतस्थळावर फँटसी आणि विज्ञानकथांचीच चित्रं लागायची. ऑगस्ट २००० मध्ये डेव्हिअंटआर्ट आलं. ते दिवस मी पाहिले नाहीत. माझा काळ २००५ ते २०१४.

सांगलीतल्या घरी दुपारी पेन्सिलीने चित्र काढायचं, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणायचं आणि पहाटे दोनचा गजर लावायचा, कारण बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये दोन ते आठ वापर मोजला जात नसे. फिनलंडमध्ये तेव्हा मध्यरात्रही झालेली नसायची. माझं पात्र म्हणजे गडावर पहारा देणारी बाई, काष्ट्याचं नऊवारी नेसलेली, उजव्या हातात दांडपट्टा. पहिला अभिप्राय तिचाच आला. हे लुगडं नेसतात कसं, एवढंच तिने विचारलं होतं. मी एकेक पायरी रेखाटून पाठवली. मग तिने दांडपट्ट्याबद्दल शोधून वाचलं आणि लिहिलं, की या पात्याला पोलादी हातमोजा जोडलेला असतो, मनगट त्यात जखडलेलं असतं, मग तुझ्या बाईचं मनगट वळलं कसं? वार कोपरातून आणि खांद्यातून यायला हवा. सोबत माझ्याच चित्रावर लाल रेषा ओढून हात कसा असेल ते दाखवलं होतं. मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी दांडपट्टा पाहत वाढले. तिने तो डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि नीट पाहिला तो तिनेच.

याला मी दाद म्हणते. गाण्याच्या बैठकीत जाणकाराची मान नेमक्या जागी हलते, तशी. आम्ही एकमेकांची पात्रं काढून देत असू, आणि त्यासाठी आधी त्या पात्राची सगळी हकिगत वाचावी लागे: गालावरचा व्रण कुठल्या लढाईतला, डावा डोळा का झाकलाय. कुणाच्या पानावर पाच हजारावा पाहुणा तुम्ही ठरलात आणि त्या आकड्याचा स्क्रीनशॉट दाखवलात, की तुम्हाला एक चित्र भेट मिळे. या प्रथेचं नाव जपानी, किरिबान. भांडणंही व्हायची. दुसऱ्याचं चित्र गिरवून खाली आपलं नाव घालणारा सापडला, की शंभर जण त्याला जाब विचारायला धावत.

माझ्या एका चित्रकलाशिक्षकांनी ही सगळी चित्रं ‘कॅलेंडरछाप’ म्हणून बाजूला सारली होती. ते मला अजून लागतं. चित्रकार रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं घराघरांत होती, बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांना त्यांची मुखपृष्ठं होती. जे कुठे नाहीच त्याला चेहरा देणं हे हलकं काम नव्हे, हे मराठी चित्रकाराला तरी ठाऊक असायला हवं होतं.

२०१४ नंतरच्या सात-आठ वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आर्टस्टेशन आलं, स्टुडिओत नोकरी मिळवण्यासाठी मांडलेली चकचकीत चित्रं आली. बोट टेकवलं की हृदय उमटू लागलं आणि लिहिणं आटलं. चित्रं काढणाऱ्या यंत्राने आम्हाला संपवलं असं माझे बरोबरीचे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. यंत्र आलं तेव्हा दाद आधीच निघून गेली होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारं यंत्र सगळ्यांसाठी खुलं झालं. ते इंटरनेटवरून न विचारता गोळा केलेल्या चित्रांवर शिकलेलं होतं. पोलंडच्या ग्रेग रुत्कोव्स्कीचे ड्रॅगन आणि योद्धे आम्ही तासन्‌तास पाहिलेले. सप्टेंबरपर्यंत त्याचं नाव सुमारे ९३,००० वेळा यंत्राला सांगून ‘त्याच्यासारखी’ चित्रं काढून घेतली गेली होती. नोव्हेंबरमध्ये डेव्हिअंटआर्टनेही स्वतःचं यंत्र आणलं. आपली चित्रं यंत्रांना शिकायला द्यायची नसतील तर चित्रकारानेच तसं कळवायचं, अशी पहिली व्यवस्था होती. आरडाओरडा झाल्यावर ती फिरवावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये सॅरा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ हे तीन चित्रकार कॅलिफोर्नियात न्यायालयात गेले. एकेकाळी एक चित्र गिरवणाऱ्यामागे शंभर जण धावत. आता सगळ्यांचीच चित्रं गिरवली गेली, तेव्हा तिघांना वकील गाठावा लागला.

माझ्या मैत्रिणीने जाताना दोनच ओळी लिहिल्या होत्या: यापुढे माझं काही त्यांना खायला मिळणार नाही. ज्यांनी नीट पाहिलं त्यांचे आभार.

मी जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. लाल रेषांची ती फाइल अजून उघडते. तिने सांगितलेली दुरुस्ती तेव्हा राहूनच गेली होती. मनगट सरळ केलं आहे. कोपराचा कोन अजून जमत नाही, आज रात्री पुन्हा बसणार आहे.